चुंबळीतली द्राक्षे

द्राक्षबाग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मांडव येतो. निफाड-पिंपळगावकडच्या बागेत शिरावे, तर वेल डोक्यावर, घड हाताच्या उंचीवर आणि पायाखाली गार सावली. ही सवय घेऊन सँटोरिनीला गेलेल्या माणसाला तिथली बाग आधी दिसतच नाही. मिनीबस रस्त्याकडेला थांबते, गाइड हात करून सांगते, ‘ही बाग’, आणि समोर असते राखाडी, भुसभुशीत, दगडगोट्यांचे उघडे रान. त्यात लांब लांब अंतरावर कुणीतरी दुरड्या मांडून ठेवल्यासारखे हिरवे गोळे. जवळ जाऊन उकिडवे बसावे लागते. मग कळते, की दुरडी वेलीचीच विणलेली आहे आणि तिच्या पोटात, पानांच्या आड, पिवळसर सोनेरी घड लपले आहेत.

सँटोरिनी हे एजियन समुद्रातले ग्रीक बेट. त्याचे ग्रीक नाव थिरा. पांढरी घरे, निळे घुमट आणि सूर्यास्त यांसाठी ते जगभर माहीत आहे. वर्षाला तीस लाखांहून अधिक पर्यटक तिथे येतात. त्यातले पुष्कळ जण अर्ध्या दिवसाची वाइन-सहल घेतात. दहा-बारा माणसांची गाडी, चार-पाच तास, दोन-तीन वायनरी, दहा-बारा वाइनचे घोट आणि शेवटी कड्यावरून मावळतीचा सूर्य, असा तिचा साधारण साचा. ही सहल नुसत्या चवीची म्हणून केली तरी आनंद देते. पण त्या पेल्यात जे येते त्याची सुरुवात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका स्फोटात आहे. ती समजून घेतली, तर तोच घोट एका बेटाचा इतिहास सांगू लागतो.

एका स्फोटाची माती

आज आपण ज्याला सँटोरिनी म्हणतो तो एका मोठ्या ज्वालामुखीचा उरलेला काठ आहे. इसवीसनापूर्वी सतराव्या शतकाच्या अखेरीस किंवा सोळाव्या शतकात इथे प्रचंड उद्रेक झाला. नेमक्या सालाबद्दल अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. जमिनीखालचा शिलारस बाहेर फेकला गेला, पोकळ झालेला मधला भाग खाली खचला आणि तिथे समुद्र शिरला. या खचलेल्या कढईला काल्डेरा म्हणतात. तिच्या काठाचे कडे काही ठिकाणी तीनशे मीटर उंच आहेत. मधोमध दिसणारे नेआ कामेनी हे काळेकुट्ट बेट त्यानंतरच्या काळात, लाव्हा साचून वर आले. तिथला शेवटचा उद्रेक 1950 सालचा. ज्वालामुखी झोपला आहे, संपलेला नाही. 2025 च्या सुरुवातीला या भागात हजारो लहानमोठे भूकंप झाले तेव्हा हजारो लोक काही काळ बेट सोडून गेले होते.

त्या प्राचीन उद्रेकाने बेटावर राख आणि प्युमिस यांचा जाड थर पसरला. प्युमिस म्हणजे टाचा घासायला वापरतात तो हलका, छिद्राछिद्रांचा, पाण्यावर तरंगणारा दगड. या थराखाली अक्रोटिरी नावाचे एक अख्खे नगर गाडले गेले. पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी 1967 साली तिथे उत्खनन सुरू केले. मजली घरे, भिंतींवरची रंगीत चित्रे आणि साठवणीचे मोठमोठे रांजण राखेखालून जसेच्या तसे निघाले. ज्या राखेने ते नगर पुरले, तीच राख आज वेलीची माती आहे. प्युमिस, राख, लाव्ह्याचे तुकडे आणि वाळू यांच्या या मिश्रणाला स्थानिक लोक ‘आस्पा’ म्हणतात.

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न पडायला हवा. आपला दख्खनही लाव्ह्याचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून आपले बेसाल्टचे पठार झाले. मग आपली माती काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी आणि तिथली राखाडी, सुटी, हातातून निसटणारी असे का? फरक आधी काळाचा आणि मग पावसाचा आहे. आपला बेसाल्ट कोट्यवधी वर्षे ऊन-पावसात झिजला, कुजला आणि त्यातून चिकणमाती तयार झाली. सँटोरिनीचा थर त्या मानाने कालचा आहे, आणि तिथे पाऊसही थोडा. त्यामुळे आस्पात चिकणमाती जवळजवळ नाही, आणि सेंद्रिय अंशही नगण्य.

मातीतल्या या उणिवेनेच वेलीला वाचवले. 1860 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळे खाणाऱ्या बारीक किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करायला सुरुवात केली. त्यावर एकच खात्रीचा उपाय सापडला. किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीचे मूळ घ्यायचे आणि त्यावर युरोपीय वेलीचे कलम करायचे. आपल्या नाशिकच्या बागायतदाराला खुंट आणि कलम हे शब्द पाठ आहेत. आपल्याकडे डॉगरिज खुंट वापरतात तो मुख्यतः पाण्याची टंचाई आणि क्षार सोसण्यासाठी, पण तोही मूळचा अमेरिकन वेलीचाच. सँटोरिनीत मात्र ही कीड पाय रोवू शकली नाही. सुट्या, वाळूसारख्या मातीत तिला जगता येत नाही. म्हणून इथली वेल आजही स्वतःच्या मुळावर उभी आहे. नवी वेल हवी असेल तेव्हा शेजारच्या वेलीची फांदी वाकवून मातीत दाबायची पद्धत, म्हणजे आपले दाब कलम, इथे जुनी आहे.

वाऱ्याला पाठ, समुद्राला तोंड

आता त्या दुरडीकडे वळू. ग्रीकमध्ये तिला ‘कूलूरा’ म्हणतात. दुसरे नाव ‘स्तेफानी’, म्हणजे फुलांचा मुकुट. मराठीत मला सगळ्यात जवळचा शब्द वाटतो तो चुंबळ. डोक्यावर घागर घेण्याआधी बायका कापडाची किंवा गवताची गोल वळी करतात तशीच ही वेलीची वळी. हिवाळ्यात छाटणी करताना शेतकरी जोमदार काड्या राखतो, त्या एकमेकींत गुंफतो आणि जमिनीलगत वर्तुळ वळत जातो. दरवर्षी त्यावर एक वेढा चढतो. वर्षांमागून वर्षे गेली की चुंबळीची खोल टोपली होते. नवे फुटवे आतल्या बाजूला वळवायचे असतात, म्हणजे घड टोपलीच्या आत धरतात.

हे सारे वाऱ्यासाठी. उन्हाळ्यात एजियनवर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस घोंघावतो. बेटावर आडोसा देणारी झाडे फारशी नाहीत. उभ्या वेलीची काडी हा वारा मोडून टाकील, आणि उडणारी वाळू मण्यांची साल खरवडून काढील. टोपलीच्या भिंती वारा अडवतात, पाने वरून सावली धरतात आणि आत थोडा ओलावा टिकतो. मांडव हे आपल्या हवेला दिलेले उत्तर आहे, तशी चुंबळ हे त्यांच्या हवेला.

ओलावा येतो कुठून, हा पुढचा प्रश्न. बेटावर नदी नाही. पाऊस वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, दुष्काळी माणदेशाची आठवण यावी इतका, आणि तोही मुख्यतः हिवाळ्यात. द्राक्ष वाढते आणि पिकते त्या महिन्यांत आकाश कोरडे असते. अशा वेळी दोन गोष्टी वेलीला जगवतात. खोल गेलेली मुळे ही पहिली. दुसरी म्हणजे रात्री समुद्रावरून येणारे धुके. प्युमिसची छिद्रे हा दमटपणा आणि हिवाळ्यातला पाऊस शोषून घेतात आणि हळूहळू सोडतात. एक प्युमिसचा खडा हातात घेऊन पाहावा. त्याचे हलकेपण म्हणजेच आतली पोकळी, आणि ती पोकळी हीच वेलीची पाण्याची टाकी.

इतक्या तुटपुंज्या पाण्यावर वेल थोडेच फळ देते. एकरी उत्पादन आपल्या बागायतदाराला ऐकून विश्वास बसणार नाही इतके कमी असते, आणि म्हणूनच सँटोरिनीची द्राक्षे ग्रीसमधली सर्वांत महाग द्राक्षे मानली जातात. पण वेल टिकते. सत्तर-ऐंशी वर्षांनी टोपलीचा बुंधा थकला, फळ कमी झाले, की शेतकरी तो जमिनीलगत कापतो. जुन्या मुळातून नवा फुटवा येतो आणि चुंबळ पुन्हा पहिल्या वेढ्यापासून सुरू होते. अशी काही मुळे तीन-चारशे वर्षांची असल्याचे मानले जाते. आजोबाने कापलेल्या मुळावर नातू छाटणी करतो.

कानाव्हाच्या पोटात

बागेतून गाडी निघते ती वायनरीकडे. जुनी वायनरी म्हणजे ‘कानाव्हा’. आस्पा सुटी असली तरी तिचा थर कोरून गुहा करता येते. अशी गुहा उन्हाळ्यातही थंड राहते, आणि पिंपांना हवी तशी स्थिर हवा त्यात मिळते. पिर्गोस, मेगालोखोरी, एक्सो गोनिया या गावांत अशा कितीतरी कानाव्हा आहेत. व्होथोनास गावाजवळच्या कुत्सोयानोपुलोस कुटुंबाच्या वाइन संग्रहालयात तर जमिनीखाली सुमारे आठ मीटर खोल आणि तीनशे मीटर लांब भुयारातून फिरत जुन्या कामाची अवजारे पाहता येतात. द्राक्षे तुडवायचा हौद, चामड्याच्या पिशव्या, लाकडी पिंपे, सगळे तिथे आहे.

अथिनिओस बंदराच्या वर, कड्याच्या पोटात 1947 साली बांधलेली व्हेनेत्सानोस वायनरी मला विशेष वाटते. वीज नव्हती, म्हणून तिची रचना वरून खाली केली. द्राक्षे सगळ्यात वरच्या मजल्यावर आणायची, रस खालच्या मजल्यावर उतरायचा, वाइन त्याखाली. पंपाचे काम गुरुत्वाकर्षणाने केले. सहकाराशी नाते असलेल्या मराठी माणसाने ‘सँटो वाइन्स’ ही शेतकऱ्यांची सहकारी संस्थाही पाहावी. ऊस कारखान्याला घालावा तशी बेटावरच्या लहान शेतकऱ्यांची द्राक्षे तिथे येतात.

वाइनने या बेटाला एकेकाळी श्रीमंत केले. मध्ययुगात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या काळात इथली गोड वाइन दूरवर गेली. पुढे रशिया तिची मोठी बाजारपेठ झाला. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रसादासाठी ती वापरली जाई. 1917 च्या क्रांतीने ती बाजारपेठ बुडाली. मग 9 जुलै 1956 रोजी मोठा भूकंप झाला, गावे कोसळली आणि पुष्कळ कुटुंबे बेट सोडून गेली. बागा ओस पडल्या. 1971 साली सँटोरिनीच्या वाइनला नामसंरक्षण मिळाले. आपल्याकडे नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन आहे, त्या जातीचे हे संरक्षण. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून नव्या वायनरी आल्या, तापमान नियंत्रित करणाऱ्या स्टीलच्या टाक्या आल्या, आणि बेटावरच्या कोरड्या व्हाइट वाइनला जगात नवे नाव मिळाले.

पेला हातात घेताना

आता टेबलावर पेले मांडलेले असतात. क्रम ठरलेला असतो, हलक्याकडून भारीकडे आणि कोरड्याकडून गोडाकडे. उलटे केले तर गोड वाइननंतरची कोरडी वाइन नुसती आंबट लागते. पेला दांडीला धरावा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. आधी रंग पाहावा. मग पेला हळूच फिरवून वास घ्यावा. मग छोटा घोट तोंडभर खेळवून गिळावा किंवा टेबलावरच्या पिकदाणीसारख्या भांड्यात टाकावा. टाकण्यात संकोच नको. दहा-बारा वाइन चाखायच्या असतील तर शेवटच्या पेल्यापर्यंत जीभ आणि डोके शाबूत ठेवण्याचा तोच मार्ग आहे. स्वतः गाडी चालवणाऱ्याने चाखणे टाळावे. सहलीची गाडी घेण्याचे खरे कारणही तेच.

पहिला पेला बहुधा आसिर्तिकोचा. हीच बेटाची मुख्य द्राक्षजात. सोबत अथिरी आणि आयदानी या दोन पांढऱ्या जाती थोड्या प्रमाणात मिसळतात. आसिर्तिकोचा पहिला घोट जिभेच्या कडांना पाणी आणतो. ईडलिंबाची आठवण येते, मागून किंचित खारट झाक येते आणि वासात गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर येतो तसा भास असतो. उन्हाने रापलेल्या बेटावरच्या द्राक्षात एवढा आंबटपणा राहावा, याचे नवल वाटायला हवे. बहुतेक जातींत फळ पिकत जाते तशी आम्लता घसरते आणि साखर चढते. आसिर्तिको पूर्ण पिकले तरी आपली आम्लता सोडत नाही. हा गुण पाहून जगातले इतर द्राक्ष-उत्पादकही तिच्याकडे वळले. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीत आज आसिर्तिकोची बाग आहे.

इथे गाइड बहुधा म्हणतो, ‘ज्वालामुखीची चव लागली ना?’ वाक्य ऐकायला छान आहे, पण ते जपून घ्यावे. वेलीची मुळे दगडाची चव शोषून मण्यात भरत नाहीत. त्यांना पाण्यात विरघळलेली द्रव्ये तेवढी घेता येतात, आणि त्यांचे प्रमाण जिभेला जाणवेल इतके नसते. मातीचा परिणाम आडवळणाने होतो. पाणी कमी, अन्न कमी, म्हणून घड थोडे आणि मणी लहान. जात आंबट, समुद्राचा वारा खारा, वाइन फळांच्या वासाने न दरवळणारी. या सगळ्याचा मिळून जो ठसा उमटतो, त्याला चाखणारे ‘खनिज’ हे नाव देतात.

दुसरा पेला ‘निख्तेरी’चा असू शकतो. नाव रात्रीवरून पडले आहे. दिवसाच्या उन्हात द्राक्षे तापू नयेत म्हणून रात्री काम करून रस काढायची जुनी रीत होती. ही वाइन जास्त पिकलेल्या द्राक्षांची, लाकडी पिंपात मुरलेली आणि अंगाने भारदस्त असते. लाल द्राक्षांमध्ये मांदिलारिया आणि माव्रोत्रागानो या जाती आहेत. माव्रोत्रागानो एकेकाळी जवळजवळ नाहीशी होत चालली होती. काही जिद्दी उत्पादकांनी ती पुन्हा लावली, जोपासली, आणि आज तिची लाल वाइन मुद्दाम मागून घेतली जाते.

सोबत येणारी बशीही बेटाचीच असते. बारीक, गोड-आंबट टोमॅटो, केपरची पाने, पांढरी वांगी आणि ‘फावा’. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचे घट्टसर वरण, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. ही डाळ विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली आहे, आणि तीही पावसाच्या आधारावर, याच राखेत पिकते. वरण ओळखीचे लागले, तर त्याचे कारण हे नाते आहे.

उन्हात वाळलेला शेवट

शेवटचा पेला लहान असतो आणि त्यातली वाइन तांबूस-तपकिरी. ती विन्सांतो. ऑगस्टच्या सुरुवातीला, ग्रीसमधल्या इतर भागांच्या आधी, इथे तोडणी सुरू होते. विन्सांतोसाठीचे घड तोडून एक-दोन आठवडे उघड्या उन्हात पसरतात. तासगावकडे बेदाणा सावलीच्या शेडमध्ये जाळ्यांवर सुकवतात. इथे घड थेट उन्हाखाली, जमिनीवर असतात, आणि बेदाणा होण्याच्या बरेच आधी उचलतात. पाणी उडाले की साखर आणि आम्ल दोन्ही घट्ट होतात. त्यातून निघणारा थोडासा रस संथपणे आंबतो, आणि पुढे लाकडी पिंपांत किमान दोन वर्षे, पुष्कळदा त्याहून कितीतरी अधिक मुरतो. निम्म्याहून अधिक द्राक्ष आसिर्तिकोच असावे लागते.

चव काळ्या मनुकांची, सुक्या अंजिराची, कॉफीची आणि काकवीची. एवढी गोड वाइन तोंडात चिकटत नाही, कारण गोडाच्या पाठीशी आसिर्तिकोचा आंबटपणा उभा असतो. घोट गिळल्यावरही बराच वेळ ती जिभेवर राहते. मला संपूर्ण सहलीत हा पेला सर्वांत खरा वाटतो. थोडा पाऊस, कडक ऊन, राखेची माती आणि सबुरी, बेटाकडे जे होते तेवढ्यातूनच तो झाला आहे.

चुंबळ कोण वळणार?

सूर्यास्ताच्या वेळी गच्चीवरून काल्डेराकडे पाहताना एक गोष्ट नजरेआड करू नये. एकोणिसाव्या शतकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी सँटोरिनीची राख खणून नेली, कारण ती मिसळलेला चुना पाण्यातही घट्ट होतो. तेव्हा मातीला जहाजांनी गिऱ्हाईक आणले. आज तेच काम हॉटेल करते. विसाव्या शतकात बागांचे क्षेत्र घटत गेले आणि आता ते हजार हेक्टरांच्या आसपास उरले आहे. एका हंगामातले द्राक्ष जे देते, त्याहून कितीतरी अधिक त्याच जमिनीवरची खोली देऊ शकते. शिवाय हवामान तापते आहे. अलीकडच्या काही हंगामांत अवर्षण आणि उष्णतेने पीक फार खाली आले. आणि चुंबळ वळणारे हात म्हातारे झाले आहेत. यंत्राने हे काम होत नाही. जमिनीशी वाकून, काडीचा कल ओळखून, हाताने एक एक वेढा द्यावा लागतो.

म्हणून सँटोरिनीला कधी गेलात, तर वाइन-सहल निवडताना एकच प्रश्न विचारा : ‘बागेत नेणार का?’ फक्त गच्चीवर बसवून पेले मांडणारी सहल घेऊ नका. जी गाडी आधी रानात थांबते, जिथे खाली बसून चुंबळीत डोकावता येते, प्युमिसचा खडा हातात घेता येतो, तीच घ्या. जाताना एखादी बाटली त्या शेतकऱ्याकडूनच विकत घ्या. वेल आधी, पेला नंतर, हा क्रम पाहुण्यांनी पाळला, तर तिथल्या नातवाला मुळाशी कापलेली वेल पुन्हा वळायला कारण मिळेल.